खेळण्यापासून तबकडीपर्यंत : वेगाची गोष्ट

१/ खेळण्यातल्या प्लॅस्टिकच्या विटा जोडून चालता रेकॉर्ड प्लेअर उभारता येतो, याचे अनेकांना नवल वाटते. वस्तुतः तबकडी वाजवणारे यंत्र बाजारात प्रथम आले तेच खेळणे म्हणून.

२/ एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. त्यात आवाज नळकांड्यावर कोरला जाई. एमिल बर्लिनरने १८८७ मध्ये सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचे पेटंट घेतले. पुढे दोनतीन वर्षांत जर्मनीतील एका खेळणी बनवणाऱ्या कंपनीने ५ इंची तबकडीचा छोटा ग्रामोफोन विक्रीस आणला. तो हाताने फिरवावा लागे.

३/ खरी अडचण इथेच होती. तबकडी वेगाने फिरली की लयही वाढते आणि स्वरही चढतो. मंदावली की दोन्ही उतरतात. हात थकला की गाणे बेसूर होई.

४/ १८९६ च्या सुमारास अमेरिकेतील यंत्रकारागीर एल्ड्रिज जॉन्सनने त्यासाठी स्प्रिंगची मोटर घडवली. चावी दिलेल्या स्प्रिंगचा जोर हळूहळू ओसरतो. म्हणून वेगनियंत्रक लागतो. त्यातील फिरती वजने वेग वाढताच बाहेर फेकली जातात, त्यांच्याबरोबर एक चकती सरकून नमद्याच्या गादीला घासते आणि वेग आवरला जातो.

५/ विटांच्या प्लेअरमध्येही हाच प्रश्न उभा राहतो. मोटर मिनिटाला ८०० फेरे घेत असेल आणि वर्म गिअर २४ दात्यांच्या चाकाला फिरवत असेल, तर तबकडीला बरोबर ३३⅓ फेरे मिळतात. पण बॅटरी उतरली की स्वरही उतरतो. शिवाय टाचणी आणि कागदी कर्णा वापरल्यास खोबणी झिजते. जपून ठेवण्याजोगी तबकडी अशा यंत्रावर लावू नये.

६/ भारतात ग्रामोफोन कंपनीचे पहिले ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात झाले; गौहर जान यांचा आवाज तेव्हाचाच. पुढे १९३५ मध्ये मुंबईत ‘यंग इंडिया’ ही देशी छाप निघाली. तिच्या तबकड्या वडाळ्याच्या कारखान्यात तयार होत. त्या काळच्या तबकड्यांतील मुख्य द्रव्य लाख, म्हणजे भारतातलेच.

७/ ठाण्याचाही या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. शहराचे नगराध्यक्षपद भूषवलेले कवी पी. सावळाराम यांची भावगीते वसंत प्रभू यांच्या संगीतात, लता मंगेशकर आणि आशा भोसले यांच्या आवाजात ध्वनिमुद्रिकांवर उतरली आणि घरोघरी पोहोचली.

८/ आता इतिहासकाराचा प्रश्न. ७८ फेऱ्यांचे प्रमाण रूढ होण्यापूर्वी ध्वनिमुद्रणाचा वेग एकसारखा नसे. समजा, एखादी तबकडी ७४ फेऱ्यांवर कोरली आणि आज ७८ वर वाजवली. तीन मिनिटांचे गाणे सुमारे २ मिनिटे ५१ सेकंदांत संपेल आणि काळी एक पट्टीतला गायक जवळजवळ पांढरी दोनमध्ये ऐकू येईल.

९/ म्हणजे अब्दुल करीम खाँ यांची पट्टी किती उंच होती, बालगंधर्वांची लय किती द्रुत होती, ही विधाने तबकडीचा वेग तपासल्याशिवाय करता येत नाहीत. कागदपत्राची सत्यता तपासणारा अभ्यासक आवाज मात्र जसा ऐकू आला तसाच खरा मानतो, हे सदोष आहे.

१०/ पडताळ्याचा एक साधा मार्ग म्हणजे साथीची पेटी. तिचे सूर दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी पडत असतील, तर वेगाविषयी शंका घ्यावी. हा पुरावा निर्णायक नव्हे, कारण सगळ्याच पेट्या एका प्रमाणात जुळवलेल्या नसत; परंतु शोधाची सुरुवात त्यातून होते.

११/ जुन्या तबकड्यांची माहिती गोळा करून ती अभ्यासकांपुढे मांडण्याचे काम मुंबईत १९९० पासून ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ करत आली आहे. घरातल्या माळ्यावर तबकडी सापडली, तर वाजवण्याआधी तिच्यावरील लेबल आणि क्रमांक यांचे छायाचित्र घ्यावे. काळ आणि वेग ठरवण्याचा पहिला धागा तिथेच असतो.