दोन पांढरे उंदीर आणि रक्ताचं बियाणं

आपलं रक्त रोज नव्यानं तयार होतं. ते घडवणाऱ्या मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल्स, जन्मभर टिकतात कशा? मला विचाराल तर या गोष्टीचे खरे नायक आहेत दोन रोगट उंदीर.

सुरुवात टोरँटोत. साल १९६१. जेम्स टिल भौतिकशास्त्रज्ञ, अर्नेस्ट मॅकुलक डॉक्टर. जबर किरणोत्सार दिलेल्या उंदरांना त्यांनी निरोगी अस्थिमज्जा टोचली. दहा-अकरा दिवसांनी प्लीहेवर गाठी उठल्या. साधारण दहा हजार मज्जापेशींमागे एक गाठ! आणि १९६३ मध्ये दिसलं की एक गाठ म्हणजे एकाच पेशीची लेकरं.

आता ते दोन उंदीर. एक 'डब्ल्यू' जनुकात बिघाड असलेला, दुसरा 'स्टील' जनुकात. दिसायला सारखेच: पांढरं अंग, काळे डोळे, रक्त कमी, पिल्लं होत नाहीत. टिल, मॅकुलक आणि लू सिमिनोविच यांनी १९६४-६५ मध्ये तीच गाठींची कसोटी त्यांना लावली. डब्ल्यूची मज्जा दुसऱ्या उंदरात गाठी धरेना. स्टीलची मज्जा मात्र दुसरीकडे छान रुजली. पण स्टीलच्या अंगात निरोगी मज्जाही नीट रुजेना. म्हणजे एकाचं बियाणं खराब, दुसऱ्याची जमीन. वाफसा नसेल तर चांगलं बी तरी काय करणार?

हे कोडं सुटायला पंचवीस वर्षं लागली. १९८८ मध्ये कळलं, की डब्ल्यू जनुक 'किट' नावाचं प्रथिन बनवतं. ते मूलपेशीच्या पृष्ठभागावर असतं आणि त्याचं आतलं टोक म्हणजे एक एन्झाइम, टायरोसिन कायनेज. १९९० मध्ये दुसरी बाजू सापडली: स्टील जनुक बनवतं किटला जागं करणारा रेणू. मज्जेतल्या शेजारी पेशी तो पुरवतात. तो किटला चिकटला की एन्झाइम फॉस्फेटचे कण जोडू लागतं आणि पेशीला आत निरोप जातो: जग, टिकून राहा.

याचा आज उपयोग काय? मज्जारोपण करताना नव्या पेशींना जागा हवी, म्हणून रुग्णाला आधी कडक केमो किंवा किरणं सोसावी लागतात. २००७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांमध्ये, किरणांऐवजी, किटला अडवणारी अँटिबॉडी वापरली. जुन्या मूलपेशी हटल्या, नव्या रुजल्या. माणसांसाठीही याच वाटेनं शोध सुरू आहे.

म्हणून मला वाटतं, मूलपेशी एकटी अमर नसते. शेजारी तिला रोज जगवतात. भेटू पुढच्या भागात!