होस्ट्स फाइलचा वारसा

१९७० च्या दशकात आर्पानेटवरच्या सगळ्या संगणकांची नावे एकाच फाइलमध्ये मावत. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या माहिती केंद्रात ही यादी सांभाळली जाई. एलिझाबेथ फाइनलर या केंद्राच्या प्रमुख होत्या. नवा संगणक आला की केंद्राला कळवायचे, आणि बाकीच्यांनी ताजी प्रत वेळोवेळी उतरवून घ्यायची. जाळे वाढले तसा हा कारभार झेपेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या विभागलेल्या व्यवस्थेचा, आराखडा मांडला आणि प्रत्येक संस्थेकडे स्वतःच्या नावांची जबाबदारी गेली. त्यानंतर जुनी यादी संपली असे सहसा लिहिले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. संपली ती मध्यवर्ती यादी. तिचे स्थानिक रूप, होस्ट्स फाइल, त्याच वर्षीच्या बर्कलीच्या ४.२ बीएसडीमध्ये होते आणि आजच्या लिनक्स, मॅक, विंडोजवरही आहे. डीएनएसच्या आधी सहसा तिलाच विचारले जाते, आणि लिनक्सवर तर हा विचारण्याचा क्रमही एका वेगळ्या फाइलमधून बदलता येतो. त्यामुळे एकाच नावाचे उत्तर यंत्रागणिक बदलू शकते. एका यंत्रावर पास होणारी सॉफ्टवेअरची चाचणी दुसऱ्यावर नापास झाली की प्रोग्रॅमरचा हलगर्जीपणा शोधला जातो. नावांच्या बाबतीत तरी दोषाचा मोठा वाटा या अर्धवट राहिलेल्या स्थित्यंतराचा आहे.

‘लोकलहोस्ट’चेच पाहा. हे नाव म्हणजे १२७.०.०.१ असे वर्षानुवर्षे गृहीत धरले गेले. पण आयपीव्ही६ आल्यावर त्याच नावाला ::१ हा दुसरा पत्ता मिळाला, आणि कोणता आधी द्यायचा हे यंत्रागणिक वेगळे राहिले. नोड.जेएस आयपीव्ही४ चा पत्ता पुढे आणून हा फरक झाकत असे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या सतराव्या आवृत्तीने ते थांबवले आणि उत्तरे आली त्या क्रमाने पुढे देणे सुरू केले. सर्व्हर १२७.०.०.१ वर ऐकतोय, चाचणी ::१ चे दार ठोठावतेय, आणि पडद्यावर येते ते फक्त ‘कनेक्शन नाकारले’. कोडची एक ओळही न बदलता धडाधड चाचण्या पडल्या.

मग नाव सोडून थेट आकडाच का लिहू नये? साध्या चाचणीत तो जरूर लिहावा. पण कुकी आणि सुरक्षा प्रमाणपत्रे बहुधा नावाला बांधलेली असतात, एकाच सर्व्हरवरच्या अनेक साइट नावानेच ओळखल्या जातात. आकड्याने केलेली चाचणी नेमका हाच भाग वगळते. म्हणून लोकांनी मनाने खासगी नावे योजली. कोणी शेवटी ‘डॉट डेव्ह’ लावले; पुढे तो प्रत्यक्षातला, गूगलच्या मालकीचा विभाग झाला आणि २०१७ च्या अखेरीस क्रोमने त्यावर एचटीटीपीएसची सक्ती केली. ‘डॉट लोकल’वाल्यांची गाठ ॲपलने रुळवलेल्या मल्टिकास्ट पद्धतीशी पडली. खरे तर ‘डॉट टेस्ट’ हा प्रत्यय १९९९ पासून याच कामासाठी राखीव आहे. पण लक्षात कोण घेतो?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: युनिट चाचणीने नेटवर्कला हातच लावू नये. तत्त्व म्हणून ते मान्य. पण ‘नाव सापडले नाही तर काय’ हे कधीतरी खऱ्या व्यवस्थेवर तपासावेच लागते, आणि ‘सापडले नाही’ हे उत्तरही हक्काचे नाही. १५ सप्टेंबर २००३ रोजी डॉट कॉम आणि डॉट नेटची नोंदवही सांभाळणाऱ्या व्हेरिसाइन कंपनीने त्यांतल्या अस्तित्वात नसलेल्या नावांना स्वतःच्या साइटचा पत्ता द्यायला सुरुवात केली. पाठवणाऱ्याचे डोमेन खरे आहे का, हे पाहणारी स्पॅमविरोधी चाळणी त्यामुळे फसली. इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या दबावाने तीन आठवड्यांत तो उद्योग बंद पडला. पुढे काही इंटरनेट कंपन्यांनी ग्राहकांच्या बाबतीत तोच कित्ता गिरवला. अशा जोडणीवर ‘चूक यायला हवी’ म्हणणारी चाचणी नापास होते ती पत्ता मिळाला म्हणून.

दोष शोधण्याची साधनेही याच दुभंगावर उभी आहेत. ‘डिग’ डीएनएसला विचारते, होस्ट्स फाइल बघतच नाही; लिनक्सवरचे ‘गेटएंट’ मात्र यंत्राने ठरवलेल्या क्रमाने जाते. दोघांची उत्तरे जुळली नाहीत, तर चाचणीचा कोड उघडण्याआधी त्या यंत्राची होस्ट्स फाइल उघडावी.