जज रोटेनबर्ग एज्युकेशनल सेंटर

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात कँटन येथे असलेली निवासी शाळा. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता किंवा तीव्र वर्तनसमस्या असलेली मुले व प्रौढ येथे राहतात. वागणूक सुधारण्यासाठी अंगाला विजेचा धक्का देणारी देशातील ही एकमेव संस्था असल्याचे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने म्हटले आहे.

हार्वर्डमध्ये बी. एफ. स्किनर यांच्याकडे शिकलेले मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू इझ्राएल यांनी १९७१ मध्ये शेजारच्या ऱ्होड आयलंड राज्यात ‘बिहेवियर रिसर्च इन्स्टिट्यूट’ या नावाने ही संस्था सुरू केली. चांगल्या वागण्याला बक्षीस आणि वाईटाला शिक्षा, हे तिचे सूत्र. सुरुवातीच्या शिक्षा घरगुतीच म्हणाव्यात अशा होत्या: चिमटे, फटके, तोंडावर पाण्याचा फवारा, नाकाशी अमोनिया. १९८५ मध्ये २२ वर्षांचा एक तरुण बांधलेल्या अवस्थेत, डोक्यावर कर्कश खरखर ऐकवणारे शिरस्त्राण असताना मरण पावला. मॅसॅच्युसेट्स राज्य सरकारने संस्था बंद करायला घेतली, पण न्यायाधीश अर्नेस्ट रोटेनबर्ग यांनी संस्थेच्या बाजूने कौल दिला. पुढे १९८७ मध्ये तडजोड झाली आणि प्रत्येक मुलाच्या शिक्षेच्या योजनेला न्यायालयाची मंजुरी आवश्यक ठरली. १९९४ मध्ये संस्थेने आपल्याला त्याच न्यायाधीशांचे नाव घेतले.

विजेचा धक्का मात्र या संस्थेहून जुना. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९६० च्या दशकात इव्हार लोवास यांनी स्वमग्न मुलांना विद्युत्प्रवाह सोडलेल्या जमिनीवर अनवाणी उभे करून प्रयोग केले होते. ‘लाइफ’ साप्ताहिकाने १९६५ मध्ये त्यांच्या कामावर सचित्र लेख छापला, तोही बऱ्यापैकी कौतुकाने.

रोटेनबर्ग केंद्राने स्वतःचे यंत्र घडवले. ‘ग्रॅज्युएटेड इलेक्ट्रॉनिक डिसेलरेटर’ म्हणजे टप्प्याटप्प्याने वेग कमी करणारे उपकरण. जणू मूल म्हणजे उतारावर सुटलेली गाडी. बॅटरी पाठीवरच्या पिशवीत, तारा कपड्यांखालून हातापायांना, कधी धडाला. रिमोट कर्मचाऱ्याकडे, आणि चुकून दुसऱ्यालाच धक्का बसू नये म्हणून त्यावर त्या मुलाचा फोटो. बटण दाबले की साधारण दोन सेकंद प्रवाह वाहतो. पहिल्या यंत्राला १९९४ मध्ये अन्न व औषध प्रशासनाची मान्यता मिळाली, त्याचा प्रवाह सुमारे १५ मिलिअँपिअर होता. धक्क्याची सवय झालेल्या मुलांसाठी आलेल्या चौथ्या आवृत्तीत तो ४० च्या वर गेला. तिला मान्यता नव्हती.

यंत्राचे समर्थन नेहमी टोकाच्या उदाहरणांनी होते: स्वतःचे डोळे फोडू पाहणारी, भिंतीवर डोके आपटणारी मुले. ही उदाहरणे खोटी नाहीत. औषधांच्या गुंगीतून सुटलेल्या मुलांचे पालक आजही केंद्राची बाजू न्यायालयात मांडतात. प्रश्न त्या टोकाच्या अलीकडे सुरू होतो. न्यूयॉर्कच्या शिक्षण खात्याने २००६ मध्ये पाहणी केली, तेव्हा शिव्या देणे, नीटनेटके न राहणे अशा गोष्टींनाही धक्के मिळत असल्याचे आढळले. आपल्याकडे याला ‘वळण लावणे’ म्हणतात.

ऑक्टोबर २००२ मध्ये १८ वर्षांच्या एका स्वमग्न मुलाला अंगातला कोट काढायला सांगितले. त्याने काढला नाही. पहिला धक्का त्याबद्दल. मग त्याला फळीवर पालथे बांधले. तो ओरडला, अंग आवळून धरले, म्हणून पुढचे धक्के. सात तासांत ३१. हे सारे कॅमेऱ्यात टिपले गेले होते, पण आईने लावलेल्या दाव्यात ती चित्रफीत लोकांसमोर यायला २०१२ उजाडले. २००७ मध्ये तर कुणीतरी वरिष्ठ असल्याचे भासवून रात्री फोन केला आणि कर्मचाऱ्यांनी दोन मुलांना ७७ आणि २९ धक्के दिले. त्या रात्रीच्या चित्रफिती नष्ट केल्याप्रकरणी आरोप झाल्यावर इझ्राएल २०११ मध्ये पायउतार झाले.

दरम्यान ज्या शास्त्राच्या नावावर हे चालले, तेच पुढे सरकले होते. ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवले, की स्वतःला इजा करण्यामागे प्रत्येक मुलाचे कारण वेगळे असू शकते: कुणाला लक्ष हवे असते, कुणाला समोरचे काम टाळायचे असते. बोलता न येणाऱ्या मुलाचा कान किंवा दात दुखत असेल, तर डोके आपटणे हीच त्याची तक्रार असते. धक्क्याने आपटणे थांबते, कान दुखतच राहतो. वर्तनविश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२२ मध्ये या धक्क्यांना स्पष्ट विरोध नोंदवला. त्याआधी, २०१३ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या छळविषयक विशेष प्रतिवेदकांनीही या केंद्राला दोष दिला होता. भारतात असे यंत्र वापरायचे ठरले, तर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील क्रूर व अमानुष वागणुकीपासून संरक्षण देणारे सहावे कलम आड येईल.

अमेरिकेत निर्णय रेंगाळला. अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये घातलेली बंदी पुढच्याच वर्षी अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी रद्द केली. उपकरणाच्या ठरावीक उपयोगापुरती बंदी घालण्याचा अधिकार प्रशासनाला नाही, असे कारण होते. २०२२ च्या अखेरीस काँग्रेसने कायदा बदलून तो अधिकार दिला आणि मार्च २०२४ मध्ये बंदीचा प्रस्ताव पुन्हा आला. मॅसॅच्युसेट्सने मात्र २०११ मध्येच नव्या मुलांना धक्के देण्यास मनाई केली होती. आधीच न्यायालयाची मंजुरी मिळालेल्यांना ती लागू नाही. २०२४ मध्ये अशा सुमारे ५० जणांच्या अंगावर ते यंत्र होते. मूल म्हणून आलेलेही आता प्रौढ झाले आहेत.