कार्टर घराण्याची दोन दप्तरे

घराण्याचा इतिहास लिहावयास बसलेला अभ्यासक प्रथम दप्तर धुंडाळतो. सनदा, मृत्युपत्रे, जमाखर्चाच्या वह्या यांच्या आधारे तो वंशावळ जुळवितो आणि मिळकतीची वाढ मांडतो. आपल्याकडील वतनदार व इनामदार घराण्यांचे इतिहास असेच सिद्ध झाले आहेत. परंतु दप्तर हे बहुधा ते ठेवणाऱ्याच्याच बाजूने बोलते. त्यात ज्यांची नावे नाहीत, त्यांचा त्या घराण्याशी संबंध नव्हता काय? अमेरिकेतील व्हर्जिनिया ह्या इंग्रजी वसाहतीतल्या कार्टर घराण्याची हकीकत वाचताना हा प्रश्न टाळता येत नाही.

घराण्याचा मूळपुरुष जॉन कार्टर हा इ. स. १६३५ च्या सुमारास इंग्लंडहून व्हर्जिनियात आला व पुढे रॅपाहॅनॉक नदीच्या काठी कॉरोटोमन येथे स्थायिक झाला. वसाहतीत जो कोणी स्वखर्चाने माणूस आणील, त्यास माणशी ५० एकर जमीन देण्याचा त्या काळी नियम होता. माणसे आणावीत, त्यांच्या नावे जमीन घ्यावी आणि त्यांच्याच श्रमांवर तंबाखू पिकवावी, असा तेथील संपन्नतेचा मार्ग होता.

जॉनचा धाकटा मुलगा रॉबर्ट १६६३ साली जन्मला. त्याचे शिक्षण इंग्लंडात झाले. थोरला सावत्र भाऊ १६९० साली वारल्यावर कॉरोटोमनची मिळकत त्याच्याकडे आली. रॅपाहॅनॉक व पोटोमॅक ह्या दोन नद्यांमधील विस्तीर्ण प्रदेश फेअरफॅक्स ह्या इंग्रज सरदार घराण्याच्या मालकीचा होता. १७०२ ते १७११ व पुन्हा १७२२ पासून अखेरपर्यंत रॉबर्ट तेथील त्यांचा मुखत्यार होता. जमिनीच्या सनदा देण्याचा अधिकार हाती असल्यामुळे त्याने स्वतःसाठी, मुलांसाठी, नातवंडांसाठीही हजारो एकरांच्या सनदा करून घेतल्या. तो लोकप्रतिनिधींच्या सभेचा अध्यक्ष झाला आणि १७२६-२७ मध्ये हंगामी गव्हर्नरही होता. लोक त्यास 'किंग' कार्टर म्हणत, ते उगाच नव्हे. १७३२ साली तो वारला तेव्हा त्याच्याकडे सुमारे ३,००,००० एकर जमीन आणि शेकडो गुलाम होते.

हे गुलाम म्हणजे दप्तराची दुसरी बाजू. आई गुलाम असेल तर मूलही गुलाम, असा कायदा व्हर्जिनियात १६६२ सालीच झाला होता. त्यामुळे धन्याची वंशावळ वाढे तशी मिळकत वाढे आणि गुलामांची वंशावळ वाढे तशीही धन्याचीच मिळकत वाढे. १७०८ साली बंबारा हॅरी व डायना ह्या दोन गुलामांच्या पायांची बोटे तोडण्याची परवानगी रॉबर्टने लँकेस्टर परगण्याच्या न्यायालयाकडून मिळविली. अशा वेळीच ही नावे कागदावर येतात.

घराण्याची कीर्ती मात्र पुढे पसरत गेली. रॉबर्टची मुलगी ॲन हिचा मुलगा बेंजामिन हॅरिसन ह्याने १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली. त्याचा मुलगा विल्यम हेन्री १८४१ साली व विल्यमचा नातू बेंजामिन १८८९ साली राष्ट्राध्यक्ष झाला. यादवी युद्धातील दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली हाही किंग कार्टरच्या पणतीचा मुलगा होय.

ह्याच घराण्यात रॉबर्ट कार्टर (तिसरा) हा किंग कार्टरचा नातू १७२८ साली जन्मला. वडील व आजोबा एकाच वर्षी वारल्याने तो लहानपणीच मोठ्या मिळकतीचा वारस झाला. नोमिनी हॉल येथे राहून तो अनेक मळ्यांचा कारभार पाही, आणि गव्हर्नरच्या कौन्सिलातही बसे. पुढे १७७८ मध्ये तो बाप्टिस्ट पंथात गेला. त्या मंडळीत गोरे व काळे, स्वतंत्र व गुलाम एकत्र उपासना करीत. १७८२ च्या कायद्याने मालकास आपले गुलाम स्वेच्छेने मुक्त करण्याची मुभा मिळाली. १ ऑगस्ट १७९१ रोजी त्याने एक दानपत्र केले. गुलामगिरी ही धर्म व न्याय यांच्या विरुद्ध आहे, असे त्यात कारण दिले होते. सोबत ४५२ गुलामांची यादी होती. त्यांची मुक्तता एकदम नव्हे, तर दरसाल काही जण याप्रमाणे व्हावयाची होती. घरच्यांचा व शेजारच्या जमीनदारांचा विरोध झाला. १७९३ साली तो बाल्टिमोरला निघून गेला, तरी मुक्तता चालूच राहिली. यादवी युद्धापूर्वी कोणाही एका अमेरिकन मालकाने एवढे गुलाम मुक्त केले नव्हते.

किंग कार्टरची कोरीव समाधी, त्याच्या पैशाने उभारलेल्या क्राइस्ट चर्चच्या आवारात आजही लॅटिन लेखासह उभी आहे. नातू १८०४ साली वारला. नोमिनी हॉल येथील त्याच्या कबरीवर नाव कोरलेले नव्हते. परंतु त्याच्या दानपत्राच्या यादीत प्रत्येक गुलामाचे नाव, वय आणि तो राहत असलेला मळा नोंदलेला आहे. आपले पूर्वज शोधणारी अनेक कृष्णवर्णीय कुटुंबे ह्या यादीकडे वळतात, कारण त्यांच्या दृष्टीने तीच घराण्याची पहिली सनद आहे.

आजोबांच्या दप्तरावरून मिळकत कशी वाढली ते कळते. ती कोणाच्या श्रमांवर वाढली, हे मात्र नातवाच्या दप्तरात नावानिशी सापडते. कार्टर घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्याने ही दोन्ही दप्तरे शेजारी ठेवूनच वाचली पाहिजेत. आणि आपापल्या गावच्या जुन्या घराण्यांचे कागद हाती घेणाऱ्या आपणांसही, वंशावळीच्या समासाबाहेर कोण राहिले, हे एकवार विचारावयास हवे.