दर्याचं वर्ष

आमच्या मालवण भागात शेतकऱ्याचं वर्ष मिरगाला सुरू होतं, गाबित माणसाचं नारळी पौर्णिमेला. मिरग आला की आम्ही नांगर धरायचो आणि ते होड्या वर ओढून चुडतांच्या झापाखाली ठेवायचे. पाऊसभर जाळी विणायची, होडीची डागडुजी करायची. पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की होडी पाण्यात.

भात कापून झालं की आमची माणसंही रापणीला जायची. होडी जाळं टाकत अर्धगोल फिरायची, मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढायचे. तीस-चाळीस माणसं सहज लागत. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. नुसता हात लावलेल्या पोरालाही चार बांगडे मिळत. पैसा फार फिरत नसे. आम्ही भात द्यायचो, ते पावसाळ्याला सुके बांगडे द्यायचे. तारली उतू गेली तर माडांच्या बुंध्यात. तसलं खत मी दुसरं बघितलं नाही.

पुढे ट्रॉलर आले. १९८१ साली राज्याने सागरी मासेमारीचा कायदा केला. कागद चांगला होता, पण मोठ्या बोटींचे दिवे रात्री किनाऱ्यालगत दिसतच राहिले. आता बंदी १ जून ते ३१ जुलै. पौर्णिमा कधी ऑगस्ट संपताना येते, तोवर यांत्रिक बोटींच्या कितीतरी फेऱ्या झालेल्या असतात. नारळ अजून पौर्णिमेलाच देतात. रापण ओढायला मात्र माणसं गोळा करावी लागतात, आणि माझ्या माडांना पोत्यातलं खत पडतं.