खरारा, पश्म आणि आमची कुत्री

खरारा हा शब्द आता बहुधा ऐतिहासिक कादंबऱ्यांतच भेटतो. घोड्याच्या अंगावरून फिरवायची ती लोखंडी दातेरी फणी. आणि ती फिरवण्याच्या कामालाही खरारा करणे असेच म्हणत. बिदर-कलबुर्गीच्या आमच्या पट्ट्यात एके काळी हे काम किती हातांना येत असेल, याची कल्पना एका परक्याच्या टिपणावरून येते. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी इ.स. १४७० च्या सुमारास होर्मुझहून एक घोडा घेऊन बहमनींच्या बिदरात पोचला. बिदरपासून बारा कोसांवर आळंदला शेख अलाउद्दीन यांच्या नावाने भरणाऱ्या बाजारात वीस हजारांपर्यंत घोडे येतात, असे तो लिहून गेला. आकडा निम्मा धरला तरी तेवढ्या घोड्यांची अंगे रोज साफ करणारे मोतद्दार इथे असलेच पाहिजेत.

घोड्यांबरोबर फारसी शब्दही आले. त्यांतला एक पश्म, म्हणजे लोकर. ज्या शिकारी कुत्र्याच्या कानांना आणि शेपटीला रेशमासारखी झालर असते, तो आमच्याकडे पश्मी. ज्याचे अंग तुळतुळीत, केस आखूड, तो कारवानी. एकाच घराण्याची ही दोन रूपे; मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी त्यांना आश्रय दिला, म्हणून पुढे मुधोळ हेच त्यांचे नाव रूढ झाले. २००५ साली टपाल खात्याने त्यावर तिकीटही काढले.

कारवानी या नावावरून ही कुत्री तांड्यांबरोबर इराण-अरबस्तानातून आली, असे सर्रास सांगितले जाते. मला हे अर्धेच पटते. पश्मीची झालर पाहिली की पश्चिम आशियातल्या सालुकीची आठवण होते, हे खरे. पण बहमनी सत्ता स्थापन झाली १३४७ साली. त्याआधी दोनशे वर्षे, आमच्याच बसवकल्याणात, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला (इ.स. ११३० च्या सुमारास). त्यात शिकारी कुत्र्यांवर ‘सारमेयविनोद’ नावाचा स्वतंत्र भाग आहे. तेव्हा इथे कुत्रे पारखणारी माणसे आधीपासून होती. बाहेरून काही आले असेल तर ते त्यांच्या पारखीतूनच पुढे गेले. नावावरून माणसाचीही जात ठरवू नये, कुत्र्याची तर नाहीच नाही.

आणि ही पारख करणारा राजा नव्हे, धनगर होता. आमच्या माळावर पावसाळा सरला की कुसळी गवत पिकते. त्याची कुसळे लांब केसांत अडकतात, बोटांच्या बेचक्यांत आणि कानांत शिरतात, पुढे तिथे पू धरतो. झालरीखाली गोचीड लपते ते वेगळेच. पश्मी बाळगणाऱ्याला रोज संध्याकाळी कान उलटून पाहावे लागतात, झालर बोटांनी विंचरावी लागते. कारवानीला मात्र घोंगडीच्या तुकड्याने केसांच्या दिशेने पुसले की काम झाले. मेंढरांमागे दिवसभर फिरणाऱ्याने कोणता कुत्रा ठेवला असेल, हे सांगायला नको. धनगर कुत्र्याला सारखी आंघोळ घालत नाहीत, त्याला आळस म्हणणारे शहाणे मला भेटले आहेत. पण साबणाने अंगचे तेल जाते, कातडी कोरडी पडून खाजते. हे त्यांना पुस्तकावाचून कळले होते.

आता गावोगाव लॅब्राडोर, पॉमेरेनियन आले. त्यांच्या अंगावर दोन थर असतात. खालचा मऊ लवीसारखा, वरचा राठ. कलबुर्गीच्या उन्हाळ्यात दया येऊन लोक त्यांची हजामत करतात, आणि उघडी पडलेली कातडी उन्हाने भाजते. खालचा थर विंचरून काढायचा असतो, कापायचा नसतो. पर्शियन मांजराचीही तीच कथा: दोन दिवस फणी चुकली की पोटाखाली जटा. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले याने १६२० साली इराणातून खुरासानच्या लांब केसांच्या मांजरांचे कौतुक लिहिले होते. पुढे १६२३ मध्ये तो कर्नाटकात इक्केरीपर्यंत आला. असो.

झालरीचा कुत्रा मात्र आमच्याकडे दिसेनासा होत चालला आहे. केनेल क्लब त्याला कॅरव्हान हाउंड म्हणून ओळखते, आणि त्याच्या नियमांत अंग गुळगुळीत लागते. बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र मुधोळजवळ तिम्मापूरला आहे. त्यांच्या कामात पश्मीलाही जागा मिळावी, असे मला वाटते. कारण लांब केसांचा गुण रक्तात दबून राहतो. आई-बाप दोघेही तुळतुळीत, पण दोघांच्याही रक्तात तो दडलेला असला तर एखादे पिल्लू तसे निघते. ते मोठे होऊ लागले की कानांच्या कडांना केस लोंबू लागतात. असे पिल्लू बघून लोक संकर झाला म्हणून ते काढून टाकतात. तो संकर नसतो.