जमीन बदलली, कंबर वाकलेलीच

मंडळी, आज झाडूबद्दल बोलू आणि शेवटी दांड्याच्या कोरड्या मॉपवर येऊ. तत्त्वज्ञानाच्या माणसानं हा विषय का घ्यावा, असं आत्ताच एकांनी विचारलं. घरात केर काढताना कोण वाकतं, हा प्रश्न आम्हाला पुरेसा गंभीर वाटतो.

सुरुवात जमिनीपासून. शेणानं सारवलेली जमीन खडबडीत, आणि नाजूकही. जोर लावला की पोपडे निघतात. तिला शिंदीच्या पानांची मऊ केरसुणी हवी, हलक्या हातानं, वाकूनच. अंगणात खराटा. म्हणजे आखूड केरसुणी हा काही मागासलेपणा नव्हता, त्या जमिनीचं ते योग्य साधन होतं. ती वळण्याचं काम मुख्यतः मातंग समाजाकडे. लक्ष्मीपूजनाला आपण नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहत आलो, आणि ती वळणाऱ्याला वेशीबाहेर ठेवत आलो. पेशवाईत पुण्यात अस्पृश्यांना कमरेला झाडू बांधून चालावं लागे, हे बाबासाहेबांनी 1936 च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये लिहिलं आहे. वस्तू एकच; कुणाच्या घरी लक्ष्मी, कुणाच्या पाठीशी शिक्षा.

मग जमीन बदलली. शहाबादी फरशी आली. 1922 मध्ये मुंबईत भारत फ्लोअरिंग्ज सुरू झाली, सिमेंटच्या टाइल्स आल्या, पुढे मोझॅइक. गुळगुळीत जमिनीवर वाकायचं कारणच उरलं नाही, तरी कंबर वाकलेलीच. तिकडे स्पेनमध्ये बायका गुडघे टेकून फरशी पुसत. 1956 च्या सुमारास मानुएल हालोन या अभियंत्यानं दांड्याचा पोछा आणि तो पिळायची बादली बाजारात आणली. आपल्याकडे दांडा घरात उशिरा शिरला. का? आमच्या मते, विकत घेणारं माणूस आणि झाडणारं माणूस वेगळं होतं म्हणून.

आम्हीही तेच केलं, बरं का. कोरडा मॉप आणला, तो आठवडाभर कोपऱ्यात उभा. कामाच्या मावशींना विचारलं तर म्हणाल्या, “सर, हा तुमच्या मापाचा आहे.” तेव्हा दांडा लांबी कमीजास्त करता येईल असाच घ्या, साधारण वापरणारीच्या हनुवटीपर्यंत. पट्टी पलंगाखाली जाते का तेही बघा. मायक्रोफायबरचे बारीक तंतू धूळ धरून ठेवतात, केरसुणी ती हवेत उडवते; दम्याचं माणूस घरात असेल तर फरक लगेच कळतो. मॉप उचलायचा नाही, एकच कड पुढे ठेवून शेवटपर्यंत सरकवत न्यायचा. ओला तर अजिबात नको, फरशीवर चिखलाच्या रेघा उठतात. पिशवीत झटका, खालच्यांच्या गॅलरीत नव्हे. धुताना सॉफ्टनर घालू नका, तंतूंवर थर बसतो आणि धूळ धरत नाही.

खडे आणि भाताची शितं त्याला जमत नाहीत, तिथं केरसुणीच. मावशींना आता त्यांच्या मापाचा आणला आहे. पहिला आम्ही वापरतो, शितांपुरते वाकतो.